एक जूनचे जुळे

आमच्या कंपनीची विमानं किती म्हातारी होती हे सांगायचं तर एवढंच सांगतो: कॉकपिटमध्ये कॅप्टनच्या गुडघ्यापाशी सिगारेटची राख झाडायची पत्र्याची एक डबी होती, आणि तिच्यात कुठल्या तरी परदेशी गृहस्थाची राख अजून शिल्लक होती. ते गृहस्थ कधीच वारले असणार. राख मात्र आमच्याबरोबर मुंबई-दिल्ली करत होती.

तीस वर्षं माणसं वाहून थकल्यावर ही विमानं मालासाठी काढली होती. खुर्च्या उपटल्या, खिडक्या पत्र्याने बुजवल्या, पोटाला मोठं दार पाडलं. मी को-पायलट. उल्हासनगरच्या जीन्स पॅन्टी, औषधांची खोकी, फुलं, मोबाईल, आणि एकदा अकरा हजार कोंबडीची पिल्लं मी या हातांनी आकाशातून नेली आहेत. पिल्लं रस्ताभर चिवचिवत होती. धावपट्टी दिसल्याबरोबर अकरा हजारच्या अकरा हजार गप्प झाली. कॅप्टन म्हणाले, "ह्यांना माझं लँडिंग आधीच कोणीतरी सांगितलेलं दिसतंय." टेकऑफला विमान असं कण्हायचं की बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभे आहोत असं वाटावं.

तर ह्या म्हाताऱ्यांना निवृत्त करायचं असं कंपनीने ठरवलं, आणि त्यांच्या आधी माझाच श्वास अडकला.

सकाळची वेळ होती. बदलापूरला कात्रपच्या घरी मी चहात खारी बुडवत होतो. बायको शाळेत शिकवते, ती डबा भरत होती. मोबाईलवर मेल आला आणि खारी चहात विरघळून तळाला गेली तरी मी वाचतच राहिलो.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"चार जुनी विमानं जाणार. दोन मोठी येणार."

"मग बरं आहे की. ती राखेची डबी तरी जाईल."

"आम्ही अठरा को-पायलट आहोत. नव्या विमानांना नऊ पुरतात. नऊ जणांना ट्रेनिंग, बाकीच्यांना तीन महिन्यांची नोटीस."

तिने डब्याचं झाकण दाबून लावलं. "तुमचा नंबर कितवा?"

"नववा."

"मग झालं तर."

"नववे दोघं आहेत," मी म्हणालो.

आता ही भानगड नीट सांगायला हवी. विमान कंपनीत सगळं सिनियॉरिटीच्या यादीवर चालतं. कोण आधी कामाला लागला तो वर. एकाच दिवशी दोघं लागले तर वयाने मोठा तो वर. माझ्याबरोबर त्याच दिवशी कामाला लागलेला एक जण होता, उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातला. त्याची जन्मतारीख एक जून. माझीही एक जून. वर्षसुद्धा एकच. ड्युटी लावणारे लोक आम्हाला जुळे म्हणायचे. "जुळ्यांतला एक दिल्लीला पाठवा, दुसरा बंगळूरला," असं फोनवर चालायचं. तो काळा, उंच, मोजकं बोलणारा. मी गोरटेला, बुटका, आणि माझ्या बोलण्याबद्दल लोकांनी काय काय म्हटलंय ते इथे लिहीत नाही. आठ वर्षं कोणाला ह्या जुळेपणाची अडचण झाली नाही. आता खुर्ची एक होती.

आणि ती खुर्ची गेली तर काय, हेही ऐका. रिक्षावाला कुठलीही रिक्षा चालवतो. पायलटचं तसं नाही. लायसन्सवर विमानाच्या जातीचा शिक्का असतो, त्या जातीशिवाय दुसरं विमान त्याने उडवायचं नाही. माझा शिक्का ज्या जातीचा, ती जात ह्या देशात आमच्याच चार विमानांपुरती उरली होती. ती भंगारात गेली की माझं लायसन्स म्हणजे बंद पडलेल्या टॉकीजचा पास. वय बेचाळीस. मी ह्या धंद्यात आलोच उशिरा. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत बदलापूरच्या कारखान्यात टाक्यांची झाकणं उघडून आत डोकावत होतो. मग पालेगावचं आमचं भाताचं शेत बिल्डरने घेतलं, वडील म्हणाले, आता जमिनीवर काही उरलं नाही, तू वर जा, आणि मी वर गेलो. तिथून परत टाक्यांकडे यायची माझी तयारी नव्हती.

मेलच्या शेवटी लिहिलं होतं: नवव्या जागेसाठी दोन नावं समान आहेत. पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता व्हिडिओवर बोलणं होईल. ज्याच्याकडे जन्माची मूळ सरकारी नोंद असेल, वेळेसकट, त्याने ती दाखवावी.

हैदराबादच्या हेड ऑफिसात बसून हे लिहिणाऱ्या माणसाला वाटलं असणार की एकाच तारखेला दोन मुलं जन्मली, एक सकाळी, एक दुपारी, वेळ बघितली की संपलं. त्याला काय माहीत, की आमच्या भागात माझ्या वयाची निम्मी माणसं एक जूनला जन्मली आहेत, आणि त्या सगळ्यांची सुईण एकच: शाळेचा मास्तर.

माझे गुरुजी अजून आहेत. बदलापूर गावात मुलाकडे राहतात. मी रविवारी त्यांच्याकडे गेलो, पाया पडलो आणि विचारलं, "गुरुजी, माझी जन्मतारीख तुम्ही कशावरून लिहिलीत?"

त्यांनी चष्मा पुसला. "कशावरून म्हणजे? कानावरून."

"कानावरून?"

"उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरता आला, की पोरगं सहा वर्षांचं. कान धरला, सहा वर्षं पूर्ण, एक जून लिहा. एका दिवशी एकेचाळीस पोरं जन्माला घातलीत मी. दुपारी जेवायला घरी गेलो होतो, तरी एकेचाळीस."

"आणि मी?"

"तुझा हात आखूड. पहिल्या वर्षी कान काही सापडेना. रडलास. बापाला म्हटलं, पुढच्या वर्षी आणा. पुढच्या वर्षी आणलं, हात पुरला, लिहिले सहा."

"म्हणजे तेव्हा मी सहाचा नव्हतोच. जवळजवळ सात."

"असशील," गुरुजी म्हणाले. "माझ्याकडे कानाचं माप होतं बाळा, पंचांग नव्हतं."

माझ्या डोक्यात दिवा लागला. म्हणजे मी कागदापेक्षा मोठा. आणि माझा जुळा? त्याची गोष्ट मला पाठ होती. त्याच्या घरी दसऱ्याला, दीक्षेच्या दिवशी, त्याचा वाढदिवस होतो. आठ वर्षं मी तिथे खीर खातोय. त्याच्या आईला दुपारची वेळसुद्धा तोंडपाठ. पण त्याचे हात लहानपणापासून लांब. साडेपाचाव्या वर्षीच त्याने कान धरला आणि त्यांच्या शाळेच्या मास्तरने त्याला जूनमध्ये जन्माला घातला. म्हणजे तो कागदापेक्षा लहान. मी मोठा, सरळ मोठा. फक्त दाखवायला कागद हवा.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. आईचं माहेर बारवी धरणापलीकडच्या पाड्यावर. सोमवारी सुट्टी होती, मी मामाकडे गेलो. मामा ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होता.

"मामा, मी कधी झालो?"

"आवनीला," मामाने मान वर न करता सांगितलं. "तुजी आय आवनीला उतरली व्हती. आमी बोललो, नको उतरू, दिस भरलेत. ती आयकते कोनाचा. गुडघाभर चिखल, हातात भाताची मूठ, आन तू आलास. तुला वरच्या पऱ्याच्या वाहत्या पान्यात नेऊन धुतला. चिखल नाकात गेला व्हता, म्हनून तू एवडा बोलतस."

ही गोष्ट मी कंपनीत हजार वेळा सांगितली होती. प्रत्येक वेळी चिखल थोडा वाढायचा. एका आवृत्तीत तर आईने मला बांधावर ठेवून उरलेलं खाचर लावून पूर्ण केलं होतं. पण मूळ गोष्ट ही अशी, मामाच्या तोंडून, विळ्याच्या आवाजात.

आवणी म्हणजे रोपं उपटून चिखलात लावायचं काम, ते जुलैत. एक जूनला आमच्याकडे चिखल सोडा, ढेकूळसुद्धा ओलं नसतं.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाने कपाटातून जन्म-मृत्यूचं रजिस्टर काढलं. वाळवी अशी काही जेवली होती की दोन गावांची अर्धी माणसं जन्मलीच नव्हती. मी एकेक पान वाळवीच्या भोकांमधून वाचत उलटत गेलो. एकाएकी आजोबांचं नाव दिसलं. आईचं नाव. बापाचं नाव, पुढे पालेगाव. मुलाच्या नावाच्या जागी नुसतं "मुलगा". महिना जुलै. आणि वर्ष माझ्या लायसन्सवरच्या वर्षाच्या आधीचं.

ग्रामसेवकाने सही-शिक्क्यानिशी उतारा दिला. बारवीच्या रस्त्याने परत येताना मोटारसायकल जमिनीला लागत नव्हती असं मी म्हणेन, आणि ह्या एका वेळी ते फारसं फुगवलेलं नाही.

घरी येऊन कागद बायकोच्या पुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला. मास्तरीणबाई, तिसऱ्यांदाही वाचला.

"छान," ती म्हणाली. "म्हणजे तुमचं लायसन्स खोटं."

"काय?"

"लायसन्सवर एक जून. पासपोर्टवर एक जून. मेडिकलवर, दहावीच्या सर्टिफिकेटवर, सगळीकडे एक जून. आणि हा सरकारी कागद म्हणतो, हा माणूस दहा महिने आधीच येऊन बसलाय. हा कागद तुम्ही दाखवणार, मग ते सीट देणार की चौकशी लावणार?"

मी खाली बसलो.

"चौकशी होईपर्यंत उडता येतं का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग तो नववा नंबर बसल्या बसल्या कोणाला जातो?"

ज्या कागदाने मी जिंकणार होतो तो मी खिशातून नुसता बाहेर काढला तरी हरत होतो. आणि त्यापेक्षा वाईट विचार त्याच्या मागून आला. तो कागद मीच काढायला हवा असं कुठे होतं? चिखलाची गोष्ट सगळ्या कंपनीला माहीत होती. माझ्या जुळ्याने हेड ऑफिसला एक ओळ लिहिली, की बाबा ह्याच्या जन्माची चौकशी करा, तर बारवीचं ते रजिस्टर आपोआप उघडणार होतं.

आणि मीही एक ओळ लिहू शकत होतो. दसरा.

तो विचार मनात आला आणि गेला असं लिहायला मला आवडलं असतं. तो आला आणि पाय पसरून बसला. दोन दिवस मी मोबाईल हातात घेऊन ती ओळ मनातल्या मनात लिहीत होतो. फार सभ्य ओळ होती. "माझ्या सहकाऱ्याच्या जन्मतारखेबाबत घरच्यांकडून वेगळी माहिती ऐकिवात आहे." बायको बाजूला आली की मी क्रिकेटचा स्कोअर उघडायचो.

बुधवारी सकाळी त्याचाच फोन आला. "दाल-पकवान खायला ये."

उल्हासनगरला बाजारात एका सिंधी हॉटेलात आम्ही नेहमी बसायचो. कुरकुरीत पकवान, वर घट्ट चण्याची डाळ, चिंचेची चटणी. एरवी मी चार खातो आणि सहा सांगतो. त्या दिवशी पहिलंच तुकडे करून नुसतं ढकलत होतो. तो समोर बसला, त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मिळालं?"

"काय?"

"नाटक नको ना यार. बारवीला गेला होतास. तुझ्या बायकोने माझ्या बायकोला सांगितलं."

आमच्या बायकांची फोनलाईन कंट्रोल टॉवरपेक्षा स्वच्छ चालते. मी मान डोलावली.

"मग तू माझ्यापेक्षा पंधरा महिन्यांनी मोठा," तो म्हणाला.

"मग पाया पड."

"पडतो. पण तू कागद दाखवलास की तुझं लायसन्स गेलं. आणि कोणी दसरा बोललं की माझं."

"कोण बोलणार आहे?"

"तेच विचारायला बोलावलंय."

हॉटेलवाला डाळीचं भांडं घेऊन आला. "साईं, और दाल?" आम्ही दोघांनी एकदम नको म्हटलं, आणि तो असा बघून गेला की जणू आमच्या घरी काही वाईट झालंय.

"पोरगी बारावीला आहे," तो म्हणाला. "तिला सांगितलंय, तू फक्त अभ्यास कर, बाकी मी बघतो. माझ्या बापाने मला हेच सांगितलं होतं आणि बघितलं होतं." त्याचे वडील अंबरनाथच्या कारखान्यात तेहतीस वर्षं लेथवर उभे होते, हे मला माहीत होतं. "मला ही सीट पाहिजे. खोटं नाही बोलणार. तुला पण पाहिजे. पण मी तुझं नाव घेऊन नाही घेणार. तू?"

आठ वर्षांत मी त्याच्या तोंडाकडे कधी असं बघितलं नव्हतं. इंजिनच्या तापमानाच्या घड्याळाकडे बघतात तसं बघत होतो: काटा हलतोय का, कुठल्या बाजूला.

"मी पण नाही," मी म्हणालो. आवाज मला स्वतःलाच पटला नाही. त्यालाही पटला नसणार. त्याने पकवान मोडलं आणि खाल्लं.

शुक्रवार. साडेदहाला दाराची बेल वाजली. दारात तो, खांद्याला बॅग, शर्ट घामाने चिकटलेला.

"लाईट गेलीय आमच्याकडे. नेट पण नाही. रिक्षा करून आलो. तुझ्याकडून बसू?"

ज्याच्याशी स्पर्धा आहे त्याला घरात घेऊन एकाच लॅपटॉपसमोर एकाच सोफ्यावर बसायचं. बायकोने त्या दिवशी शाळेतून रजा घेतली होती. तिने त्याला पाणी दिलं. "बसा भावोजी." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून एकही भांडं वाजेना. म्हणजे ती दाराआड उभी होती.

माझ्या शर्टाच्या खिशात बारवीचा उतारा चार घड्या घालून होता. का घेऊन बसलो होतो, ते आजही सांगता येत नाही.

अकराला एचआरच्या बाई पडद्यावर आल्या. मूळच्या मुरबाडकडच्या, मराठीतच बोलायच्या. "तुम्ही दोघं एकाच घरी?"

"उल्हासनगरला लाईट नाही मॅडम," तो म्हणाला.

"जन्माची मूळ नोंद कोणाकडे आहे?"

"नाही मॅडम," तो म्हणाला.

"नाही मॅडम," मी म्हणालो. खिशातला कागद मला फ्रीजइतका मोठा वाटत होता. कॅमेऱ्यात दिसत असणार, आता त्या विचारणार, हे खिशात काय आहे.

बाईंनी काही लिहिलं. मग पेन खाली ठेवलं. "एक शंका आहे, ती विचारून टाकते. कंपनीच्या मागच्या जेवणाला तुम्ही आमच्या सगळ्या टेबलाला सांगितलं होतं, की तुमचा जन्म शेतात झाला. भाताची लावणी चालू असताना. चिखलात." त्या माझ्याकडे बघत होत्या. "माझ्या माहेरी अजून भात आहे. एक जूनला आमच्याकडे पेरणीसाठी राब भाजलेले असतात आणि माणसं आभाळाकडे बघत बसलेली असतात. लावणी कुठून आली?"

सोफ्याखालून जमीन सरकली. तोंड उघडलं, आवाज येईना. ज्यांनी मला पाहिलंय ते सांगतील की हे पहिल्यांदाच घडलं. आणि त्या क्षणी जे जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं ते सांगतो. दसरा. मी बुडतोय तर ह्यालाही धरू, दोघांची चौकशी लागू दे, मग जागा कोणाचीच नाही. शब्द तोंडात तयार होता.

"मॅडम," माझ्या शेजारून आवाज आला.

माझा जुळा पुढे सरकला होता. "ह्याने मला सांगितलंय की ह्याच्या आजोबांनी बिबट्याला ताडी पाजून ओट्यावर झोपवला. ह्याच्या सासऱ्यांच्या म्हशीला इंग्रजी कळतं, फक्त बोलता येत नाही. ह्याचं बोलणं रेकॉर्डला घ्यायचं असेल तर म्हशीचं पण स्टेटमेंट घ्यावं लागेल."

स्वयंपाकघरातून फस्सकन आवाज आला. बायको. ती म्हैस तिच्याच वडिलांची होती.

बाई हसल्या. तोंडावर हात धरला, तरी हसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "म्हणजे ती लावणी, तो चिखल, खोटं?"

"खोटं, मॅडम," मी म्हणालो. "मला जरा वाढवून सांगायची सवय आहे."

"जरा," तो शेजारून पुटपुटला.

त्यांना लगेच पटलं. माझ्या सगळ्या गोष्टींत तेवढी एक अक्षरशः खरी होती, आणि तीच खोटी म्हणायला मला एक श्वास पुरला. पाड्यावर मामा विळ्याला धार लावत असेल, असं मनात आलं, आणि मी खाली बघितलं.

"मग चिठ्ठी. ज्याचं नाव निघेल, जागा त्याची," बाई म्हणाल्या. "दोघांची लेखी संमती मेलवर पाठवा, आत्ता. घरात तिसरं कोणी आहे का?"

बायको बाहेर आली.

संमती गेली. त्याने वहीचं पान फाडून दोन चिठ्ठ्या केल्या, दोन्ही कॅमेऱ्याला दाखवल्या, एकसारख्या घड्या घातल्या. बायकोने पोह्यांचा रिकामा स्टीलचा डबा आणला. त्याने चिठ्ठ्या टाकल्या, मी डबा हलवला. त्या एवढ्याशा कागदांचा आवाज मला विमानाच्या दारावर गारा पडाव्यात तसा वाटला.

"डोळे मिटून काढा," बाई म्हणाल्या.

बायकोने डोळे मिटले. हात आत गेला आणि थांबला. वर्गात पेपर वाटताना तिचा हात कधी थांबत नाही. ती कोणाकडे बघू शकत नव्हती, हे तिचं नशीब म्हणायचं. मी तिच्याकडे बघत होतो, तो डब्याकडे. मग तिने एक चिठ्ठी काढली आणि न उघडता त्याच्यापुढे धरली. माझ्यापुढे नाही.

त्याने उघडली. वाचली. पडद्याकडे वळवली.

माझं नाव होतं.

"दुसरीही दाखवा," बाई म्हणाल्या. त्याने दुसरी उघडून दाखवली. त्याचं नाव. बाईंनी लिहून घेतलं, दोघांचे आभार मानले, म्हणाल्या की त्याला नोटिशीचं पत्र सोमवारपर्यंत येईल, आणि पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत आम्ही दोघं शेजारी शेजारी दिसत होतो. लॅपटॉप त्यानेच मिटला.

मी काही बोलायला पाहिजे होतं. माझ्याकडे लग्नाच्या, बारशाच्या, मयताच्या, सगळ्या प्रसंगांची भाषणं तयार असतात. एकही सापडेना.

"पोहे करते," बायको म्हणाली.

"नको वहिनी. नुसता चहा."

चहा आला. त्याने दोन घोट घेतले आणि बॅगेची चेन उघडली. आतून जाडजूड पुस्तक काढलं, मेलवरून छापून घेतलेलं, स्पायरल लावलेलं. नव्या विमानाचं. कडा मळल्या होत्या. मेल आल्याला आठ दिवस झाले होते. मी त्या आठ दिवसांत स्वतःचा जन्म शोधत फिरलो होतो, आणि ह्याने अभ्यास सुरू केला होता.

"रिक्षात वाचायला आणलं होतं," तो म्हणाला. "घे. तेरा प्रकरणं झालीत. पेन्सिलने खुणा केल्यात, खोडू नको. हायड्रॉलिक्समध्ये मी दोन ठिकाणी चुकलोय, तिथे प्रश्नचिन्ह आहे, ते तू विचार तिथे गेल्यावर. आणि मला पण कळव."

"अरे, तू ठेव की. पुढे मागे..."

"पुढे मागे काय?"

मी पुस्तक घेतलं.

तो उठला, बायकोला येतो म्हणाला, चपला घातल्या. दारातून वळून म्हणाला, "आणि त्या खिशातल्या कागदाचं काहीतरी कर. कॅमेऱ्यात शिक्का दिसत होता."

रिक्षाचा आवाज गेला. बायको त्याचा अर्धा राहिलेला कप उचलायला आली आणि तसाच हातात धरून उभी राहिली.

"ते आता काय करतील?" तिने विचारलं.

"शोधेल काहीतरी. हुशार आहे."

"हुशार आहेत, हे त्यांना का नाही सांगितलंत?"

मी पुस्तक उघडलं. आधी चौदावं प्रकरण काढलं, जिथून पुढचं माझं होतं. पान कोरं होतं, एकही खूण नाही. दोन ओळी वाचल्या, काही कळलं नाही. मग सगळी पानं मागे घेतली आणि पहिल्या प्रकरणापासून, त्याच्या बारीक अक्षरातल्या खुणांवर बोट ठेवत, वाचायला सुरुवात केली.